देवीची शस्त्रं लपवणाऱ्या आईले

प्रिय आई,

तुले जाऊन वरीस झालं. आजवर तुले कधी पत्र लिहिलं नाही, तुले वाचताच येत नव्हतं. पोथीसुद्धा मीच वाचून दाखवत होतो. पण आज सकाळी घटाची तयारी करताना तांदळाच्या कोठीत तुझा डबा सापडला. बायकोलेही अजून सांगतलं नाही. म्हणून तुलेच लिहून राहिलो.

डब्यात लाल फडकं होतं. फडक्यात त्रिशूळ, तलवार, चक्र, गदा, धनुष्य, बाण. बाबांनी रायपूरहून आणलेल्या आपल्या पितळी देवीचे. "घासता घासता हरवले," म्हणे तू. सहा वर्षं आमी तिले नुसत्या शंख आन कमळावर पुजलं. देवीच्या बाबतीतही तू खोटं बोलली आई?

तुझी नात बाजूले उभी होती. तिनं शस्त्रं हातात घेऊन पाह्यली आन तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "पापा, कोई भगवान ऐसा है क्या, जो लड़ता ही नहीं?"

मी हसलो. मग आठवाले लागलो, तसं हसू गेलं. राम घ्या, कृष्ण घ्या, युद्ध आहेच. गीता सांगतली तीही दोन फौजांच्या मधात. गणपतीचं डोकं गेलं ते सख्ख्या बापाच्या हातानं. कार्तिकस्वामी तर जन्मलाच सेनापती व्हाले. देव-दानव अमृतासाठी एका दोरीले लागले, आन अमृत निघाल्याबरोबर भिडले. होळी, दसरा, दिवाळी, कोणी ना कोणी मेला म्हणून आपण गोडधोड करतो. लहानपणापासून हेच आयकलं, तुले मोठ्यानं वाचून दाखवलं, आन आज पहिल्यांदा मले त्याचं भेव वाटलं. पोरीले काय सांगू? "जा, फुलं तोडून आण," म्हटलं.

महाभारताची पोथी तू कधी घरात येऊ दिली नाही. "भावाभावात लागते," म्हणे. पोथी नव्हती तरी लागलंच ना?

सहा वर्षांमागं विश्वकर्मा पूजेचा, अवजारं पुजायचा दिवस होता. बाबांचा मोठा पाना मी धुऊन, कुंकू लावून पाटावर ठेवला होता. बाबा नोकरीत असतानाच गेले, प्लांटमधली त्यांची जागा मोठा म्हणून मले भेटली. धाकटा दिनेश ठेकेदाराकडे लागला. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "नोकरी तुले भेटली भाऊ, बाबांचा पाना तरी मले दे." मले पहिलाच शब्द टोचला. बोलाचाली झाली, एकमेकांची गचांडी धरली, आन मी तोच पाना त्याच्यावर उगारला. तू मधात आली. तुझ्या मनगटाले लागला.

लोकायले तू दार लागलं म्हणून सांगतलं. मले तेवढं म्हटलं, "देवायपुढं राक्षस होते बाबू. तुझ्यापुढं कोण होता?"

दुसऱ्या दिवशी पाना गायब. दिनेश तर सकाळीच बायको-लेकरं घेऊन खुर्सीपारच्या वस्तीत राहाले निघून गेला होता. त्यानंच नेला, दुसरं कोण नेणार? क्वार्टरच्या सगळ्या लाइनीले सांगत फिरलो मी, सख्खा भाऊ चोर निघाला म्हणून. तुझ्या तेरवीले तो आला, मांडवाच्या कोपऱ्यात उभा राह्यला, आन न जेवता गेला. मी त्याले थांब म्हटलं नाही.

आई, डब्याच्या तळाशी बाबांचा पाना आहे.

त्याच लाल फडक्यात, देवीच्या शस्त्रांखाली. कुंकू अजून गेलं नाही त्याचं. देवीच्या हातातलं आन माझ्या हातातलं तू एकाच दिवशी काढून घेतलं होतं, आन मले समजाले सहा वर्षं लागले.

पण तू चूप कावून राह्यली? मी त्याले चोर म्हणत होतो, तू आयकत होती. एकदाच बोलली, "पाना गेला तर जाऊ दे. भाऊ गेला, त्याचं पाहा." तेव्हा मले वाटलं, तू त्याची बाजू घेऊन राहिली. सांगून टाकलं असतं तर? का पाना दिला की मी पुन्हा उगारीन, एवढाच भरोसा होता तुले माझा? याचा मले राग आहे आई. आन राग करावा असं तोंडही नाही.

घट उद्या बसतो. त्याच्या आधी मी खुर्सीपारले जातो, पाना घेऊन. तो दार उघडते का नाही, मले माहीत नाही. उघडलं तर पोराबाळांसमोर सांगीन, चोर तू नव्हता, खोटा मी होतो. देवीची शस्त्रं फडक्यातच ठेवली आहेत. तो घरी आला तर दोघं मिळून ठरवू, तिच्या हातात द्यायची का नाही.

आन पाना हातात आल्यावर त्यानं तो माझ्यावर उगारला, तर मी हात वर करणार नाही. आता मधात यायले तू नाही.

तुझा मोठा,
रमेश