थॉमस पिल्बीमचा कुत्रा

थ्रेक्सबी,
मंगळवार, ३ मार्च १९८७

आदरणीय एनिडआजी,

सादर नमस्कार. चुकीची दुरुस्ती पहिल्याच ओळीत करावी, असं तुम्ही मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलंत, म्हणून आधी ती करते. आपण जर्वेज पिल्बीम यांचे वंशज आहोत, असं मी जानेवारीच्या पत्रात कळवलं होतं. आपण त्यांचे कोणीही नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे बरे आहेत, कथबर्टकाका सोडून.

हे जर्वेज आमच्या गावचे जमीनदार. दर पंचवीस मार्चला चर्चच्या दारात चाळीस गरिबांना एकेक पाव द्यावा आणि तो ‘माझ्या रक्ताच्या वडीलधाऱ्या पुरुषाने’ द्यावा, असं त्यांनी १६८४च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं. त्यांचं रक्त संपलं असं धरून इतकी वर्षं पाद्रीच पाव वाटत आले. (गरीबही संपतच आलेत. गेल्या वर्षी माझ्यापुढे निवृत्त दंतवैद्य उभे होते. पण पाव ताजा असतो.) अशा सुखात चाललेल्या गावात मी वंशावळ काढली. मृत्युपत्रात नातू थॉमस, १६९९च्या लग्नाच्या नोंदीत आपला पूर्वज थॉमस पिल्बीम. मी दोघांना एका रेघेने जोडलं आणि खाली सही केली. मधली दफनाची वही पाहिली नाही. जुनी वही उशीवर ठेवूनच वाचावी लागते आणि त्या दिवशी उशी दुसऱ्या कोणाकडे होती. हे कारण होऊ शकत नाही, हे मला कळतं.

टायरचं दुकान विकल्यापासून काकांना कोणी विचारत नव्हतं. माझ्या वंशावळीने ते जर्वेजांच्या रक्ताचे वडीलधारे पुरुष ठरले, म्हणून यंदा पाव तेच वाटणार. आता त्यांनी मखमली टोपी शिवून घेतली आहे आणि ती घालूनच ते नाश्त्याची अंडी खातात. मान मिळाल्यावर माणूस नम्र होतो म्हणतात. काकांनी मात्र गरिबांची छाननी सुरू केली. शेजारच्या ग्रबबाई, वय एक्क्याऐंशी, चाळीस वर्षं रांगेत पहिल्या. त्यांचं नाव खोडलं.

“तिच्याकडे रंगीत टीव्ही आहे,” काका म्हणाले.

“मला खोडलं होय?” ग्रबबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. “त्या कथबर्टचं नाक मी पुसलंय. अजून वाहतं का विचार त्याला.”

असं म्हणून त्या हसल्या, पण पावाच्या दिवशी घालायची निळी टोपी त्यांनी परत खोक्यात ठेवली. ते मी खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून मला झोप नाही, कारण ते खोडायचा अधिकार काकांना माझ्या सहीने मिळाला आहे.

म्हणून मी पुन्हा जुन्या कागदांच्या कचेरीत गेले. तिथल्या लेसीबाईंनी या वेळी उशी दिली आणि माझ्या खांद्यावरून नोंद वाचली. “तुमचे पूर्वज दोन वर्षांचे असताना वारले,” त्या म्हणाल्या. “आता आणखी बसणार, की जेवून येताय?”

जर्वेजांचा नातू थॉमस १६८६ साली पुरला गेला. आपला थॉमस दुसराच, शेजारच्या गावातून आलेला, कुंपणं बांधणारा. तो पावाच्या १७०२च्या यादीत सापडला, घेणाऱ्यांत. नावावर काट मारली आहे आणि पुढे लिहिलं आहे, ‘कुत्रा पाळतो.’

मी त्याच संध्याकाळी काकांना सांगितलं. काका म्हणाले, “अगं, दोन वर्षांची पोरं वाढतातच.”

“पुरलेली वाढत नाहीत, काका.”

“तू फार वाचतेस,” ते म्हणाले आणि टोपी सरळ केली. पाद्रीबाबा म्हणाले की पुरावा उत्तम आहे, पण काकांच्या नावाने निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत. देवाच्या घरी सत्याला जागा असतेच, फक्त ती छपाईच्या आधी मागायची असते, हे मला ठाऊक नव्हतं.

मी रागावलेली नाही. गुडघ्याला ऊब द्या.

तुमची विद्यार्थिनी आणि नात,
मेरियल

ता. क. दुरुस्ती: रागावले आहे.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी लिहिलं: तुमचा कुत्रा एका दिवसासाठी हवा आहे. त्याला आंघोळ घालू नका. सुधारलेली वंशावळ मी चर्चच्या दारावर लावणार आहे, या वेळीही सहीनिशी. मग रांगेत उभी राहीन, आपल्या घराण्याच्या खऱ्या जागी. काकांना पाव द्यायचा असेल तर देतील, नाहीतर कुत्र्यापायी आपल्या घराण्याला दुसऱ्यांदा खोडतील.

ता. क. तिसरा. ग्रबबाईंना विचारलं. निळी टोपी खोक्यातून बाहेर आली आहे. त्या पुढे, मी मागे. बुधवार, २५ मार्च, सकाळी अकरा वाजता.