किसनची अर्धी खाट

२७ नोव्हेंबर १९९४, उधना

पोचलो एकदाचा सुरतेला. नंदुरबारला जागा मिळाली होती, ती एका म्हातारीला दिली आणि दारात पाय सोडून बसलो, वारा खात आलो. ही वही नाशकातच घ्यायची होती. घ्यायला निघालो आणि सर्कस बघून परत आलो. आता स्टेशनबाहेर घेतली.

प्लेगला भिऊन पळालेले कारीगर अजून पुरते परतलेले नाहीत, त्यामुळे लूमवाले येईल त्याला घेतायत. नववी नापास आहे म्हटलं तर योगराज मास्तर हसले, म्हणाले, मग तू आमच्यात शिकलेलाच. मास्तर शिरपूरकडचे, अख्खं खातं त्यांच्या हाताखाली. मला 'शाल्या भो' म्हणतात. शालिग्राम म्हणणारं कुणी उरलंच नाही.

पुष्पाबाईंच्या खोलीत अर्धी खाट मिळाली. इथे तशीच रीत आहे. माझ्यासारखा दिवसपाळीवाला रात्री झोपतो, रातपाळीवाला दिवसा. खाट एकच, एकमेकांचं तोंड बघायचं काम नाही. खाणावळही त्यांचीच. आमटी तिखट, झकास.

४ डिसेंबर, रविवार

आज जन्मात पहिल्यांदा धबधब्यातून उतरलो!

मास्तर पूर्वी कुठल्याशा गिर्यारोहण मंडळाची ओझी वाहायचे, तिथे दोराचं काम शिकले. आता रविवारी कापड बाजारातल्या शेठ लोकांच्या पोरांना डांगातल्या घळींत उतरवतात. ओझ्याला मी. पहाटे टेम्पोने वघईच्या पुढे, मग सागाच्या जंगलातली पायवाट, आणि मग एकदम जमीनच फाटलेली. आत काळा कातळ. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात आणि आभाळ साडीच्या काठाएवढं दिसतं. डोहात उड्या, पुन्हा कातळ, पुन्हा डोह. गार पाण्याने दात वाजतात पण माणूस हसतच सुटतो.

शेवटचा कडा मोठा. एक दोर पुरत नाही, दोन जोडावे लागतात. तो जोड मास्तर कधीच कुणाला मारू देत नाहीत. मी सहज लूमवरची गाठ मारून दाखवली, तुटलेला धागा चुटकीसरशी जोडतो ना, तीच. मास्तर अंगावर धावून आले. ती धाग्याची गाठ आहे, ताण आहे तोवर धरते, निसरडा दोर ढिला पडला की सुटते, असं म्हणाले. शिकवत होते की भांडत होते, कळेना.

येताना चिकूच्या वाडीपाशी थांबलो. चिकू मात्र कच्चे निघाले.

८ डिसेंबर

थंडी पडलीय. पण कामावरून येतो तेव्हा गादी छान उबदार असते, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. जरा ओलसरही. जोडीदार रंगखात्यात असेल बिचारा, असं वाटलं. आज पुष्पाबाईंना म्हटलं, त्याला एकदा चहा पाजीन म्हणतो.

त्यांचा भाकरीवरचा हात थांबला. म्हणाल्या, दुसरी अर्धी रिकामीच आहे. किसन नावाचा होता, बीडकडचा, मास्तरांच्याच खात्यातला. प्लेगच्या गर्दीत गावी पळाला तो आलाच नाही. दिवसा तर खोलीला त्या स्वतः कुलूप घालतात.

आत येऊन गादीला हात लावला. उबदार होती.

११ डिसेंबर, रविवार

पुन्हा घळीत. मोठ्या कड्याच्या मध्यावर पाऊलभर कपार आहे, तिथे दम खायला टेकलो. भेगेत एका दोराचं टोक अडकलं होतं, बाकीचा दोर खाली डोहात गेलेला. शेवाळलेला, पण त्यात लाल धागा होता. आमच्या दोरांत असतो तसाच. टोक वळलेलं होतं. सरळ केलं की पुन्हा वळायचं. धाग्याच्या गाठीचं वळण. ते मला कुठेही ओळखू येईल.

खाली उतरून मास्तरांना विचारलं. म्हणाले, कुणाचा तरी जुना असेल. मग स्वतः वर जाऊन तो कापला आणि डोहात टाकला. माझ्याकडे बघितलं नाही.

जोड कायम तेच मारतात.

१४ डिसेंबर

लूमवर धागा तुटला, मी जोडला. मास्तर मागे उभे होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"डाव्या हाताने जोडायला कुणी शिकवलं तुला?"

मी हाताकडे बघितलं. खरंच डाव्याने जोडला होता. मी उजवा आहे. शेजारच्या लूमवरचा कारीगर, दगा त्याचं नाव, म्हणाला, किसन डावखुरा होता, हुबेहूब असाच जोडायचा.

१७ डिसेंबर

किसनची बायको आली, इंदुबाई. गावी पोचलाच नाही तो. गावातल्या कुणीतरी सांगितलं की शेवटच्या रविवारी मास्तरांबरोबर डोंगरात गेला होता. मास्तर म्हणाले, संध्याकाळी त्याला उधन्यात सोडलं, पलीकडच्या सचिन गावातल्या एका बाईबरोबर पळाला, तुम्ही वाट बघू नका.

ती रडली नाही.

"मेला आसंल तर तसं सांगा. म्या कुंकू पुसते. पण आसं नका सांगू."

मी डावा हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तो मास्तरांच्या गळ्याकडे जायला बघत होता.

२० डिसेंबर

त्याला एकट्याला गाठून विचारलं. आता मास्तर म्हणवत नाही. योगराज.

सरळ कबूल झाला. अंधारून आलं होतं, पोरं पायवाटेने पुढे गेलेली, घाईत धाग्याची गाठ मारली, सवयीने. किसन कपारीवर टेकला, दोर ढिला पडला. पुन्हा भार टाकला आणि गेला. अजून डोहातल्या दगडाखाली आहे. चारच दिवसांत शहर रिकामं झालं, कुणी विचारलं नाही. बोभाटा झाला असता तर रविवारचा धंदा बसला असता.

"प्लेगमध्ये एवढी माणसं गेली भो. त्यात एक धर."

हे तो चहा पिता पिता म्हणाला.

२२ डिसेंबर

आता काठाला झोपतो. अर्धी किसनची. भीती वाटत नाही, राग येतो. माझा की त्याचा, कोण जाणे. सकाळी खाटेच्या गजाला धागे बांधलेले असतात. सगळ्या डाव्या गाठी.

किसनला सांगितलं, रविवारी योगराजचा हिशोब.

२३ डिसेंबर

सकाळी शुद्धीवर आलो. खून करायला आलो नाही मी इथे. पोलीस चौकीत सांगायचं ठरवलं. दारापर्यंत गेलो. डाव्या हाताने फाटकाचा गज धरला, सोडेचना. लोक बघायला लागले. चौकीकडे पाठ केली तेव्हा सुटला.

त्याला चौकी नको आहे.

२४ डिसेंबर

उजवाही बधिर होतोय. रिकामा ठेवला की जातो. लिहिलं की परत येतो. उद्या जाणार नाही, असं योगराजला सांगायला गेलो आणि —

हो म्हणून आलो.

२५ डिसेंबर, कड्यावर

पोरं अजून मागे, नाश्त्याला. झाडाला दोर लावायला योगराज आणि मी, दोघेच पुढे आलो. जोड त्यानेच मारला, पक्का. मग बूट आवळायला वाकला, तेवढ्यात माझ्या डाव्या हाताने तो सोडला आणि दुसरा —

लिहितोय. उजवा रिकामा ठेवायचा नाही.

योगराज दोरावर आहे. जोड ओलांडला. अजून ताण आहे. कपारीवर टेकेल तेव्हा —

ओरडायला हवं. तीन दिवसांपूर्वी मला हेच हवं होतं. पण वरून त्याचं टक्कल दिसतंय, गुणगुणतोय काहीतरी —

ओरडलो. तोंडातून निघालं, "उतरा की मास्तर, उतरा." बीडकडची बोली. माझी नव्हे.

कपारीवर टेकला. दोर ढिला —

भार टाकला —

झालं.

झालं, किसन. तुझं झालं. जा आता.

डावा थांबत नाही. वर राहिलेला दोर ओढून घेतोय. माझ्या कमरेला बांधतोय. मी म्हणतोय, अरे मी तुझ्यासाठी — तर हात आणखी आवळतो. योगराजची गाठ चुकून पडली होती. माझी ठरवून —

झाडाची गाठ सोडली त्याने.

सुटलेलं टोक कड्याखाली गेलं आणि डोहातून ओढ लागली. उजवा अजून माझा आहे. उजव्याने मूळ धरलं तर लिहिता येणार नाही, आणि लिहिणं थांबलं की उजवाही —