जेबेझचा सलाम

प्रिय केझाया,

घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच. आरमाराची तार तुला मिळाली असेलच. तुझा नवरा जेबेझ गेला, एवढंच त्यात असेल. कसा गेला, ते नसेल. ते तुझ्या भावानेच सांगायला हवं.

आमची ‘ओरिएल’, ती मालकांची हौसेची सहलीची नौका, तुला आठवते ना? उन्हाळाभर आम्ही दोघं तिच्यावर पितळ घासायचो आणि मालकांची पाहुणेमंडळी डेकवर नाचायची. लढाई लागली, आरमाराने ती घेतली, पांढऱ्यावर करडा रंग फासला आणि नाचायच्या जागी तोफ बसवून तिला गस्तीला लावलं. जेबेझ मात्र होता तसाच राहिला. गोळे वाहणाऱ्या नव्या खलाशांनाही म्हणायचा, “बूट काढा रे, डेक आहे हा, गोठा नव्हे.” मला तशाच दुसऱ्या नौकेवर धाडलं, तेव्हा त्याने तिच्या गंजक्या धुरांड्यावरून मला किती पिडलं होतं.

काल सकाळी धुकं विरताना समोर एक करडी नौका दिसली. आमच्या अधिकाऱ्याने दिव्याने ओळखीची खूण विचारली. खुणेआधीच तिच्या मागच्या काठीवरचा झेंडा सावकाश खाली येऊ लागला. मी लगेच ओळखलं, ही ‘ओरिएल’च. सहलीच्या नौकांची ही सलामाची रीत: ओळखीची नौका भेटली की झेंडा अर्ध्यावर आणायचा, समोरच्याने तसंच केलं की पुन्हा चढवायचा. ‘ओरिएल’वर हे काम जेबेझचंच. आमचं धुरांडं दिसलं आणि त्याचा हात आपोआप दोरीकडे गेला असणार गं. पण अधिकारी युद्धनौकांवर वाढलेला. शत्रू खोटा झेंडा लावून जवळ येतो आणि तोफ डागण्याआधी तो उतरवतो, एवढंच त्याला ठाऊक. “झेंडा उतरवतायत, मारा,” तो म्हणाला. “थांबा साहेब, आपलीच आहे, सलाम करतेय ती,” मी ओरडलो. तोवर गोळा सुटला होता. आम्ही होडीने पोचलो, तेव्हा दोरी जेबेझच्या मुठीतच होती. मला अजून हे खरं वाटत नाही.

आम्हाला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. कागदावर शत्रूचा गोळा येईल, नाहीतर खूण दिली नाही म्हणून सगळं जेबेझच्याच माथी मारतील. म्हणून हे पत्र टपालात न टाकता आपल्या गावच्या मच्छीमाराच्या हाती देतोय. चौकशीत मी खरं सांगणार, मग माझं काहीही होवो. पण आधी तुला कळू दे. गोळा आमचा होता, आणि जेबेझने आपल्या रीतीने ओळख दिली होती. त्याला आणून निजवल्यावर मी मागे गेलो आणि आमचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. तेवढ्याचीच वाट बघत तो तिथे उभा होता गं.

तुझाच दादा,
रूबेन