मागची सीट

केज,
४ मे २०२५, रविवार

प्रिय तेजू,

तुला आणि तुझ्या लेकीला खूप आशीर्वाद, सत्यमरावांना नमस्कार. आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण जीभ तशीच आहे. तुझा नंबर लागत नाही, म्हणून दिवाळीला तू आईला पाठवलेल्या साडीच्या खोक्यावरून पत्ता उतरवून घेतला. चार दिवस झाले, पारा त्रेचाळीसच्या खाली येत नाही. बैतूलला काय वेगळं असणार म्हणा.

शाळेला सुट्टी लागली आहे. मी मोटारसायकल घेतली. हसू नकोस. जुनी आहे, दीडशे सीसीची, गिअरची. फाल्गुनात घेतली आणि तेव्हापासून रोज पहाटे धारूरच्या घाटात चढवते, उतरवते. पहिल्या आठवड्यात दोनदा पडले. आता वळणावर दूधवाले मला बाजू देतात.

शनिवारी पहाटे चारला निघणार आहे. परळी, परभणी करत हिंगोलीला पहिला मुक्काम, दुसरा अमरावतीला. अकरानंतर गाडी चालवायची नाही, सावली बघून थांबायचं, असं ठरवलंय. पिशव्या भरल्या, पुन्हा उपसल्या, पुन्हा भरल्या. क्लचची एक जादा केबल, ट्यूब, मीठ-साखरेच्या पुड्या, डोक्याला बांधायला दोन पंचे. आईने खिशात ठेवायला कांदा दिलाय, ऊन लागू नये म्हणून. दुपारी जरा पडावं म्हटलं तर पाच मिनिटांत उठून अंगणात जाते आणि टायर दाबून बघते. हवा काल संध्याकाळीच भरली आहे.

गाडी गॅरेजवाल्या जाकीरभाईंकडे तयार करून घेतली. त्यांची अस्मा माझ्याच वर्गात आहे, म्हणून ते मला बाई म्हणतात.

"कावून जाताव बाई एवढ्या उन्हाचं? रेल्वे हाय की."

"रेल्वेत झोप येते मला."

"मग घरीच झोपा," म्हणाले, आणि मागच्या सीटवर लोखंडी कॅरिअर बसवायला घेतलं. सामान नीट बसतं म्हणे. मी नको म्हटलं. दोन्ही बाजूंना पिशव्या लावा, सीट मोकळी ठेवा. मागचे पाय ठेवायचे दांडे गंजून बसले होते, तेही तेल घालून सोडवायला लावले.

"मागं तर कुणीच न्हाई बसायला."

"येताना असेल."

त्यांनी वर बघितलं. पाना घेऊन दांडे तेवढे सोडवत बसले.

तुला आठवतं का, अण्णा कडूआत्याला आणायला चकलांब्याला राजदूतवर जायचे? लेकीला माहेरी न्यायला मुराळी आला की आत्याच्या सासरी शेवयांची खीर व्हायची. आपण दोघी इथं ओट्यावर बसून फटफटीचा आवाज ऐकायचो. आत्या डोक्यावर पदर धरून मागे बसलेली असायची, अंगभर धूळ. तू म्हणायचीस, मला पण असंच न्यायला यायचं, एसटीने यायचं नाही. मुराळी गेल्याशिवाय लेक कशी येईल, हे आई अजून म्हणते. दादाच्या मनाविरुद्ध केलेल्या तुझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. ही बारा वर्षं आम्ही या एका वाक्याच्या आडोशाला बसलो. कोणी गेलं नाही, म्हणून तू आली नाहीस.

पण तू आली होतीस.

हे मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मघाशी इथवर लिहून उठले आणि चहा टाकला. तो तसाच उकळून आटला.

नऊ वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, तू केजच्या स्टँडवरून फोन केलास. तीन महिन्यांची लेक होती. म्हणालीस, "ताई, एकटी दारात आले तर दादा उभं करणार न्हाई. तू न्यायला ये, तुझ्यासंगं आले की काही म्हणायचा न्हाई." मी म्हटलं, तिथंच थांब, आले. संध्याकाळी तुला निरोप पाठवला की दादाने स्कूटीची चावी काढून घेतली, घरातून निघू दिलं नाही.

दादाने काही केलं नव्हतं. तू आलीस हे त्याला ठाऊकही नव्हतं.

मी आले होते, तेजू. रस्त्याच्या पलीकडे रसवंतीवर उभी होते. तू बाकड्यावर बसलेली दिसत होतीस, पोरीच्या तोंडावर ओढणीची सावली धरून. मी एक ग्लास रस घेतला. त्या आठवड्यात माझ्या बदलीची यादी निघणार होती, आणि दादाने माझ्यासाठी वर शब्द टाकला होता. तुला घेऊन घरी गेले तर तो शब्द मागे घेईल, एवढाच हिशेब मी तिथं उभी राहून केला. ग्लास संपला आणि मी स्कूटी वळवली. बदली झाली. तेव्हापासून मी घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत आहे.

तू साडेपाचच्या गाडीने परत गेलीस, हे मला स्टँडवरच्या कंट्रोलरने सांगितलं. सकाळी अकरा वाजल्यापासून तिथं बसली होतीस.

मागच्या आठवड्यात दादाला सगळं सांगितलं. तो मिशीवरून हात फिरवू लागला. मग म्हणाला, "मला तवाच सांगायचं होतंस."

"काय केलं असतंस?"

"ठाऊक न्हाई." आणि विचारलं, "बायामाणसं कधी मुराळी गेल्यात का गं?"

"आता एक जाईल."

तो उठून आत गेला.  आज सकाळी बघितलं तर माझ्या गाडीवर त्याचं हेल्मेट ठेवलेलं होतं.

ह्यांनी कार काढतो म्हणून तीनदा सांगितलं. पण कारने आले तर हे बोलतील आणि मी मागे बसून ऐकेन. मला एकटीने यायचं आहे.

सोमवारी, बारा तारखेला, अकराच्या सुमाराला तुझ्या दारात असेन. आईने तुझ्यासाठी धपाटे द्यायचं ठरवलंय, शेंगदाण्याची चटणी आजच कुटली. तुला यायचं नसेल तर दार उघडू नकोस. मी हाक मारणार नाही, शेजाऱ्यांना काही सांगणार नाही. गाडी समोर सावलीत लावून साडेपाचपर्यंत बसेन, आणि मग डबा उंबऱ्यावर ठेवून निघेन. आलीस तर लेकीला सत्यमरावांबरोबर रेल्वेने पाठव, एवढ्या उन्हात तिला गाडीवर नको. मागची सीट एकाच माणसाची आहे.

तुझ्या लेकीचं नावही मला माहीत नाही. ते तूच सांग, दारात किंवा दाराआडून.

तुला न्यायला निघालेली, नऊ वर्षं उशिरा,
ताई