आषाढात लोटलेली होडी

बोरिवली, शनिवार, १२ जुलै २०२५

दादूस, इतके दिवस बोलले नाही, माफ कर. हा कागद तुझ्या हातात येईल तेव्हा पहिली ओळ हीच असावी, म्हणून कायद्याच्या भाषेआधी लिहिते.

मी, कल्पिता भाऊराव कोळी, वय ४६, अविवाहित, शाळेत भूगोलाची शिक्षिका, मूळ राहणार गोराई, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. ('पूर्ण शुद्धीत' लिहिताना हात अडला. मागचे लिहिले तेव्हाही तसेच वाटत होते.)

१. देवेश नावाच्या इसमाच्या लाभात पूर्वी लिहिलेले मृत्युपत्र मी रद्द करते. हा मला डेटिंग ॲपवर भेटला. जहाजावर अधिकारी, जातीने कोळी, असे सांगे. विश्वासाची खूण म्हणून त्याने फ्लॅट लिहून मागितला. मी लिहिला आणि त्या कागदाचा फोटो पाठवला. असा माणूसच अस्तित्वात नाही, असे सायबर पोलीस सांगतात. वकीलबाई म्हणाल्या, तो कागद तसाही टिकला नसता, त्यावर साक्षीदारच नव्हते. कसे असणार? बोलवावे असे कोणी मी जवळ ठेवलेच नव्हते.

२. आईच्या पाटल्या तुझ्या दिशाला द्यायच्या होत्या. त्या नाहीत. 'माझ्या बाबांची होडी आषाढाच्या वादळात बुडाली' असे देवेशने कळवले, तेव्हा मोडून त्याला पैसे पाठवले. हे ऐकून तू माझ्या दारातच म्हणालास, "अगो बाय, यो कोनचा कोली? आषाढान होरी लोटतं?" आषाढात आपल्या होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी समुद्रात जात नाही, हे मला ठाऊक नव्हते? पावसाळा तर मी वर्गात शिकवते. तरी म्हणाले, "तुला माझं सुख बघवत नाही." ते वाक्य मी परत घेते. असे कलम मृत्युपत्रात बसते की नाही, माहीत नाही.

३. बोरिवलीचा फ्लॅट माझी भाची दिशा हिला. पोलिसांकडून काही परत मिळाले तर त्याच्या पाटल्या कराव्यात, आईच्या होत्या तशाच, जाड. न मिळाल्यास कोणी हळहळू नये.

४. देवेशशी झालेले बोलणे माझ्या फोनमधून पुसू नये. माझ्या शाळेतल्या सहशिक्षिका मानसीलाही ॲपवर एक 'डॉक्टर' भेटला होता, विमानतळावर अडकलेला. पैसे पाठवण्याआधी तिने माझ्याकडचे वाचले. "अय्या मॅडम, हा तर सेम माझाच! 'जेवलीस का राणी' पण तेच!" असे म्हणून ती इतकी हसली की मीही हसले. त्या प्रकरणावर पहिल्यांदाच. आता झाकून ठेवावेसे वाटत नाही.

५. दादूस, तुला काही ठेवलेले नाही. ज्याला लाभ, त्याने साक्षीची सही करू नये, असे वकीलबाईंचे मत. मला तुझी सही हवी आहे.

ठिकाण: गोराई
साक्षीदार १: मानसी शरच्चंद्र राणे (माझ्यासोबत येते आहे)
साक्षीदार २: धर्मा भाऊराव कोळी
लिहून ठेवणार: सही दोघांच्या समोर करायची असते, म्हणून ही जागा मोकळी.

उद्या: पहिल्या फेरीबोटीने गोराईला जाणे. आषाढ आहे, दादूस घरीच असेल.