तक्त्यातली बदललेली ओळ

४ नोव्हेंबर, सोमवार
कचेरीला निघायच्या आधी मेल पाहिली. प्रोग्रामिंगच्या ज्या भाषेसाठी मी चार वर्षं फुकट काम करतोय, तिच्या चाचणी आवृत्तीतलं माझं नवं हॅश फंक्शन, मजकुराचा ठसा काढणारं, चुकतंय, अशी तक्रार. कोणी परदेशी माणूस, फार सौम्य लिहिलंय. मजकूर बरोबर १३५ बाइटांचा असला की आपलं उत्तर एक, बाकी जगाचं दुसरं. १३४ला बरोबर, १३६ला बरोबर.
१३५ वाचलं. मला तपासायची गरज नव्हती. तरी ‘बघतो’ एवढंच उत्तर दिलं. दिवसभर बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं छापत बसलो.

५ नोव्हें.
मजकूर १३६-१३६ बाइटांच्या खणांत भरतात; शेवटच्या खणात एकच जागा उरली की भरावाच्या सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही खुणा त्याच जागेत एकत्र बसवायच्या असतात. मी दुसरी ठेवताना पहिली पुसली. दहा मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं. अशी चूक कोणाचीही होते.
पण चाचण्या लिहिताना ह्याच लांबीला उत्तर जुळलं नव्हतं. मानकाच्या, म्हणजे सगळ्यांनी पाळायच्या अधिकृत नियमांच्या, तक्त्यात उत्तर एक, माझं दुसरं. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पुस्तकामागची उत्तरं छापताना चुकतात. गणित तीनदा करा, तिन्ही वेळा तेच आलं तर छापलेलं खोडा, आपलं लिहा. मी तीनदा चालवलं. मशीन तीनदा तेच सांगणार, दुसरं काय सांगणार. ओळ खोडली, माझं उत्तर टाकलं. सोबतच्या टिपेत लिहिलं, तक्ता मानकातून जसाच्या तसा घेतला.
हे गुरुजींनी शिकवलं नव्हतं.

६ नोव्हें.
पुण्याहून अनघाचा फोन. माझं काम तीच तपासते; माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिनं सगळ्यांसमोर लिहिलंय की तक्ता मुळाशी ताडून पाहिला नाही, दोष तिचा. तिच्याकडची दुसऱ्यांचं काम मंजूर करायची मुभा काढायची का, यावर शुक्रवारी संध्याकाळी चर्चा.
“दादा, तुम्ही जसाच्या तसा म्हणालात, म्हणून मी पाहिलं नाही. फाइल बनवताना स्क्रिप्टनंच ती ओळ बदलली असेल, हो ना?”
“हां, असंल,” म्हणालो.
असंल. फोन ठेवल्यावर दोन ग्लास पाणी प्यालो.

७ नोव्हें.
विहारात वंदनेनंतर सोनवणे काकांनी थांबवलं. विहाराचं सगळं तेच बघतात. ह्या कामाबद्दल रविवारी माझा सत्कार ठेवलाय म्हणे. भाषणात काय बोलू, तू केलं काय नेमकं ते सांग. सांगितलं, कितीही मोठा मजकूर घाला, त्याचा ठरावीक लांबीचा ठसा निघतो. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो, कोणी फिरवाफिरवी केली की कळतं.
“म्हंजे लबाडी धरायचं मशीन केलंस की रं.”
मंडळी हसली. मीही हसलो.
वंदनेत चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, ओठ हलले होते, आवाज काही निघाला नाही. शेजारच्याला कळलं नसावं.

८ नोव्हें., शुक्रवार
सकाळी बायकोला, कमलला सांगितलं. भाकरी थापत होती.
“ती पोरगी तुमची कोण?”
कोणी नाही, म्हणालो.
“कोणी न्हाई तरी तुमचं वझं उचलून राह्यली. अन् तुम्ही चुलीपाशी मला सांगून राह्यले.”
एवढंच. डबा हातात दिला.
जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘चुकून’ होतं. काढलं. ओळ मी जाणून बदलली, टीप खोटी लिहिली, अनघाचा दोष नाही. सगळ्यांना पाठवलं. डबा तसाच राहिला.
काकांना फोन केला, रविवारचं राहू द्या. कारण विचारलं, सांगितलं. मग ‘बरं’ म्हणाले. नुसतं बरं.

९ नोव्हें.
अनघाची मुभा राहिली. माझं अजून ठरायचंय.
तिचा निरोप आला. रागाचा शब्द नाही. “दादा, ह्याआधी अजून कुठं असं केलंय का? खरं सांगा. मला तुमचं सगळं काम पुन्हा पाहावं लागेल.”
‘नाही’ असं टाइप केलं. पाठवता येईना. चार वर्षांत कुठं कुठं काय केलं, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ‘आत्ता माहीत नाही. मी आधी बघतो, मग सांगतो,’ असं कळवलं.
सगळ्यात जुनी फाइल काढली. एका बाजूला मूळ मानक, एका बाजूला माझा तक्ता. कमल चहा ठेवून गेली.
बावीस ओळी झाल्या. जुळल्या.
तेविसावी जुळत नाही. पुन्हा वाचतो.