वीस लाख आणि अडीच मिनिटं

१७ एप्रिल, गुरुवार

आता हेलिकॉप्टर!

सकाळी सोनगीरहून भाऊंचा फोन. भाऊ म्हणजे माझे जेठ, बन्सीलाल भाऊ. हायवेला लागून लग्नाचं लॉन काढणार आहेत. त्यात हेलिपॅड. "नवरदेव हेलिकॉप्टरमाईन उतरी, बठ्ठा जिल्हा देखी!" अख्खा जिल्हा बघेल म्हणे. भूमिपूजन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आणि पैसा? माझा! "दिपमालाना वीस लाख बँकमा नुसता पडेल शेतस. त्या काय अंडा देतीन का?"

अंड्यांचं तरी यांनी बोलूच नये! इमू पक्षी पाळले तेव्हा माझे दीड लाख गेले. इमू मेले, भाऊ ठणठणीत.

हे — म्हणजे आमचे प्रेमराजराव — फोनवर एवढंच: "हाऊ दादा. देखू दादा." पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. बिनतिकिटाच्या पहिलवानाला भर पावसात खाली उतरवलंय. पण मोठ्या भावाला नाही म्हणता येत नाही. आणि मला तरी कुठे येतं? सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते, डॉक्टरांना झापलंय. भाऊ समोर आले की डोक्यावर पदर अन् तोंडाला कुलूप. इमूच्या चेकवर सही मीच केली होती ना!

हे वीस लाख माझ्या निवृत्तीचे. उद्या गुडघ्याच्या गोळ्यांसाठी मला कुणापुढे हात पसरायचा नाही. आखाजीला भाऊ चेकबुक मागतील तेव्हा खात्यात काही नसलंच पाहिजे. माझ्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्यात हलवायचे, आणि तिथून पाच वर्षांच्या ठेवीत. बस्!

ही वही बाजरीच्या डब्यात ठेवणार. तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

१८ एप्रिल

पुण्याहून मृणालीने फोनवर सगळं शिकवलं. "आई, सोप्पंय गं. घरबसल्या होतं. शेवटी फक्त ओटीपी टाकायचा."

ओटीपी येतो कुठे? यांच्या मोबाईलवर! खातं उघडलं तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता, यांचा नंबर दिला होता. नंबर बदलायचा तर शाखेत जावं लागतं, आणि तिथे काउंटरला छगन. भाऊंचा साला! मी पायऱ्या उतरायच्या आत बातमी सोनगीरला.

यांचा फोन यांच्या खिशात. झोपताना उशाखाली. फक्त अंघोळीच्या वेळी बाहेर चार्जिंगला. आणि यांची अंघोळ? अडीच मिनिटं! ड्यूटीची सवय, गेली नाही. ओटीपी तीन मिनिटं चालतो, पण यायलाच पाऊण मिनिट लावतो.

१९ एप्रिल

फजिती.

पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव जोडावं लागतं. समोरची मीच. 'तुमचं यांच्याशी नातं काय?' खाली यादी — पती, मुलगा, मुलगी, भाऊ, भाडेकरू, व्यापारी. 'स्वतः' नाहीच! शेवटी 'इतर' निवडलं. साठाव्या वर्षी कळलं, मी माझी 'इतर'.

ओटीपी आला तर चष्मा सापडेना. आठाचे तीन वाचले. तेवढ्यात हे बाहेर.

"माझा फोन काय करतेस?"

"वेळ बघत होते."

"भिंतीवर घड्याळ आहे की."

मी घाईत फोन परत चार्जरला लावला, पिन उलटी. सलाईनची सुई कधी चुकली नाही.

२० एप्रिल

नळाला पाणी येऊन आज आठवा दिवस. टाकीत पाणी नाही, म्हणून यांची अंघोळ नाही, म्हणून ओटीपी नाही. मी दुपारी मंगळागौरीच्या मैत्रिणीकडे भिकुबाईकडे जाऊन आले. हे घरीच होते, एकटे.

२१ एप्रिल

जमलं! नाव जोडलं!

पहाटे नळ आला, टाकी भरली. आज हे न्हाणीत सात मिनिटं होते. माझा चष्मा यांच्या फोनवरच ठेवलेला. मीच विसरले असेन. काम झालं आणि मेसेज पुसून टाकले. ह्यांना काही मेसेज वाचायची सवय नाही, पण उगाच कशाला.

बँक म्हणते, नवीन व्यक्ती आहे, चोवीस तास थांबा. माझी मला ओळख पटायला चोवीस तास!

२२ एप्रिल

पाच लाख एक टाकले. लाल अक्षरात नकार. दिवसाची मर्यादा पाच लाख! एका रुपयासाठी!

पण मी तरी काय करू? आयुष्यात कुणाला गोल रक्कम दिली नाही. लग्नाचं पाकीट असो, बारशाचं असो, वर एक रुपया हवाच. आमच्या आईकडे गोल रक्कम दुःखाच्या घरी द्यायचे. माझे पैसे काय मयताला चाललेत?

नोकरीत यांच्याकडे कायम सुट्ट्या पैशांची ददात. तिकिटाच्या मागे आकडा लिहून गोल करायचे, "शेवटच्या स्टॉपला मागून घ्या" म्हणायचे. बँकेला तेवढीही अक्कल नाही. वाद घालत बसले, वेळ संपली, पान बंद पडलं. हे आतून गात होते. नऊ मिनिटं! यांना गाता येत नाही.

२३ एप्रिल

पाच लाख गेले. बिनरुपयाचे.

दहा मिनिटांनी हे बाहेर आले. पाण्याची नासाडी म्हणून ओरडायला मी गच्चीवर टाकी बघून आले, तर पाणी तेवढंच! देवाचीच कृपा. पंचाही वाळलेला. ऊनच तेवढं पडतंय म्हणा, त्रेचाळीस.

२४ एप्रिल

सत्यानाश केला मी.

दुसरे पाच लाख पाठवले आणि यांचा फोन वाजायला लागला. ठणाणा! आतून हे ओरडले, "घे ना गं! मला वेळ आहे अजून!"

बँकेतली मुलगी. "मॅडम, दिपमाला या व्यक्तीला तुम्ही ओळखता का?"

"मीच ती."

"म्हणजे ओळखता. किती वर्षांपासून?"

"साठ."

"त्यांनी तुमच्याकडे पैशांची मागणी केली का?"

"अगं बाई, मी कशाला माझ्याकडे मागेन?"

"तुम्ही कुणाच्या दबावाखाली तर हे करत नाही ना?"

इथे मी गप्प झाले. डोळ्यांसमोर भाऊ आले. हेलिकॉप्टर आलं. ती म्हणाली, "घाबरू नका मॅडम, आम्ही तुमच्यासोबत आहोत." आणि ते पाच लाख अडवून खातं अठ्ठेचाळीस तास गोठवलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं आणि नेमकं आत्ता विचारलं!

२५ एप्रिल

खातं बंद. यांची अंघोळ अडीच मिनिटं. पूर्ववत.

२६ एप्रिल

अडीच मिनिटं.

भाऊंनी लॉनचा नकाशा पाठवला. मधोमध मोठं गोल. बाजूला माझं नाव लिहिलंय — 'दिपमाला लॉन्स'. माझ्या पैशाने माझ्याच नावाची पाटी. म्हणजे बुडालं की लोक मलाच हसणार! रात्री जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "खाऊन घे. होईल सगळं." यांना काय माहीत काय व्हायचंय!

२७ एप्रिल

खातं सुटलं! पाच लाख गेले. एकूण दहा.

हे अकरा मिनिटं आत. मध्येच विचारतात, "झालं का?" मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "चहा."

२८ एप्रिल

पंधरा. मृणालीला फोनवर सांगितलं, बाबांना या वयात अंघोळीचं वेड लागलंय, डॉक्टरला दाखवू का? हसत सुटली. हसण्यासारखं काय आहे त्यात?

२९ एप्रिल

वीस लाख. सगळे!! दुपारी ठेवही केली, त्या खात्याला माझाच नंबर आहे. जुन्या खात्यात उरले दोनशे अकरा.

मोकळं वाटायला हवं. वाटत नाही. चार रुपये राहिले ना ते, चार वेळचे. आणि उद्या भाऊंसमोर उभं राहायचंय. हे विचारतील, पैसे कुठे गेले, तर काय सांगू? चाळीस वर्षांत यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. भाऊंपेक्षा यांचीच भीती वाटतेय.

३० एप्रिल, आखाजी

भाऊ दहालाच आले. सोबत नकाशा. मी खापरावर मांडे टाकत होते. "दिपमाला, चेकबुक लयी ये." पदर घेतला. चेकबुक नेऊन ठेवलं.

आणि हे बोलले. "थांब दादा. आधी शिल्लक देखू." स्वतःच्या फोनवरून बँकेला मिस कॉल दिला. ज्या माणसाला फोनमधला कॅमेरा उघडता येत नाही! मेसेज आला. भाऊंच्या नाकासमोर धरला. "देख. काहीच नही शे. पाच वर्षनी ठेव करी टाकी तिनी. मोडता येत नही."

नही. आपल्या भावाला नही म्हणाले! माझ्या हातातलं उलथणं खाली पडलं.

भाऊंनी मेसेज तीनदा वाचला. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. मग पाच मांडे अन् दोन वाट्या आमरस खाल्ला आणि म्हणाले, शिंदखेड्याला एक जण पैसा द्यायला तयार शे. गेले!

हे झोपाळ्यावर जाऊन बसले. मला एक शब्द विचारला नाही. ठेवीचं यांना कुणी सांगितलं? मृणालीच असणार.

१ मे

बाजरी काढायला डबा उघडला. वहीत एसटीचं जुनं तिकीट. मागे यांचं अक्षर, गोल केलेलं — '४ रु. देणे'. आणि बाजरीवर चार सुट्टे रुपये.

माझी वही वाचली! राग यायला हवा होता. रडू आलं.

मग मागची पानं चाळली. सात मिनिटं, नऊ, दहा, अकरा. टाकी भरलेली. पंचा वाळलेला.

अगं बाई! त्रेचाळीस डिग्रीत सात दिवस हा माणूस अंघोळच करत नव्हता!